तळाचे तेल

मोटारगाडी विकत घेणारा मनुष्य तिचा रंग पाहतो, आसने दाबून पाहतो, दार लावताना आवाज कसा येतो ते ऐकतो. फारच चौकस असला तर पुढचे झाकण उघडावयास सांगून इंजिनाकडे गंभीर मुद्रेने पाहतो आणि फारसे काही न कळताही मान डोलावतो. परंतु जमिनीवर उताणे पडून गाडीच्या पोटाखाली डोकावणारा ग्राहक निदान आमच्या तरी पाहण्यात नाही. तेथे, इंजिनाच्या अगदी बुडाशी, पोलादी पत्र्याचे एक उथळ भांडे बारक्या बोल्टांनी आवळून बसविलेले असते. पुस्तकांत त्यास 'ऑइल पॅन' किंवा 'ऑइल संप' म्हणतात. अमरावती-अकोल्याकडचे मिस्त्री त्याला सरळ 'चेंबर' म्हणतात. आज या चेंबरविषयी चार शब्द लिहावे असा मानस आहे. धर्मगुरूने चेंबरवर लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळावे. न मिळाल्यास चेंबर कसे उतरवावे व कसे बसवावे एवढे तरी कळेल, आणि वऱ्हाडात राहणाऱ्यास ते ज्ञान अगदीच निरुपयोगी नाही.

इंजिनाचे सारे वंगणतेल या भांड्यात साठते. त्यात बुडालेल्या एका जाळीतून पंप ते वर ओढून घेतो आणि बारीक वाटांनी धुऱ्यापर्यंत, दट्ट्यांपर्यंत, थेट माथ्यावरील झडपांपर्यंत पोहोचवितो. मिनिटाला हजारो फेरे घेणारा पोलादी धुरा आपल्या बेरिंगवर खऱ्या अर्थाने टेकलेला नसतोच. दोहोंच्या मध्ये तेलाचा केसाहूनही पातळ पदर असतो आणि त्या पदरावर तो तरंगत असतो. आपले काम उरकले की तेल स्वतःच्याच भाराने पुन्हा तळाशी उतरते. येताना ते उष्णता, काजळी आणि झिजलेल्या धातूचा कीसही आपल्याबरोबर घेऊन येते. असा हा चढउतार अहोरात्र चालतो. चेंबरला भेग पडून तेल वाहून गेले तर धातूवर धातू घासतो आणि थोड्याच अवधीत इंजिन जाम होते. ही वेळ येऊ नये म्हणून चालकासमोर एक तांबडा दिवा ठेवलेला असतो. त्यावर तेलाच्या झारीचे चित्र असते. शुभवर्तमानातील दहा कुमारींच्या दाखल्यात तेल संपते तेव्हा दिवा विझतो. मोटारीत तेल संपते तेव्हा दिवा पेटतो. तात्पर्य मात्र दोन्हीकडे एकच, की तो प्रसंग ओढवण्यापूर्वीच तेलाची चौकशी केलेली बरी.

चेंबर हा गाडीचा सर्वांत खालचा अवयव असल्याने रस्त्याचा पहिला तडाखा त्यालाच बसतो, आणि आमच्या वऱ्हाडात तडाख्यांची वाण नाही. अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू या मार्गाने अकोल्यास जाणारा हमरस्ता वर्षानुवर्षे लोकांच्या तक्रारीचा विषय होता. त्याच रस्त्यावर ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत १०५ तास ३३ मिनिटे सलग काम करून ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर अंथरण्यात आला आणि गिनीजच्या पुस्तकात त्याची विश्वविक्रम म्हणून नोंद झाली. जूनच्या उन्हात ७२० माणसे त्यासाठी राबली. ही आपल्या मुलखाची अभिमानास्पद गोष्ट होय. तथापि धर्मग्रामाची सगळी माणसे हमरस्त्यावर राहत नाहीत. फाटा सोडला की पांदण लागते. उन्हाळ्यात बैलगाड्यांच्या चाकोऱ्या हातभर खोल गेलेल्या असतात आणि मधल्या उंचवट्यातून काळा खडक डोके वर काढून बसलेला असतो. पावसाळ्यात काळी माती चाकांना व पोटाला थापली जाते आणि वाळली की सिमेंटासारखी घट्ट होते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर या मातीत व पाण्यात मीठच असते. तो ओला चिखल पत्र्यास चिकटून राहिला की बाहेरून गंज धरतो. मग दगडाचा लहानसा टोलाही पुरतो.

२०१२ च्या पावसाळ्याअखेरीस अकोला जिल्ह्यातील अशाच एका पांदणीवर आमच्या जुन्या मारुती ८०० ला तसा टोला बसला. तांबडा दिवा लागला, इंजिन तत्क्षणी बंद केले, आणि एका शेतकरी बांधवाच्या ट्रॅक्टरमागे दोर बांधून गाडी अकोल्याच्या वेशीवरील एका गॅरेजात पोहोचली. गॅरेज म्हणजे चार टिनपत्रे, एक बाभूळ आणि तिच्याखाली खणलेला खड्डा. मिस्त्री मुसलमान गृहस्थ होते. वय साठीच्या घरातले, बोलणे अस्सल वऱ्हाडी. त्या दिवशी व दुसऱ्या दिवशी त्यांचे काम आम्ही शेजारी बसून पाहिले, आणि जे पाहिले ते येथे क्रमाने सांगतो.

गाडी खड्ड्यावर नसेल तर जॅकने उचलून तिच्याखाली घोड्या लावाव्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली शिरू नये, हा त्यांचा पहिला नियम. उरलेसुरले तेल खालचा नट काढून परातीत उतरविले गेले. मग पोटाखालून जाणारा धुराचा पाइप सोडविला, क्लचच्या बाजूचा छोटा पत्रा काढला, तेव्हा कोठे चेंबरचे बोल्ट मोकळे दिसू लागले. दहाच्या पान्याने प्रत्येक बोल्ट आधी थोडा थोडा सैल करावयाचा, एक पुरा काढून दुसऱ्याकडे वळावयाचे नाही. कारण एका अंगाने भार आला की पत्रा वाकतो. निघालेले बोल्ट त्यांनी एका पुठ्ठ्यावर चेंबरच्या आकाराने भोके पाडून त्यांच्या त्यांच्या जागी खोचून ठेवले. बोल्ट निघाले तरी चेंबर खाली येत नाही. जुन्या लेपाने ते इंजिनास घट्ट धरलेले असते. उतावळा कारागीर येथे फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटतो, आणि तेल न गळण्यासाठी जी कड सपाट हवी तीच कायमची ओरखडून बसतो. आमच्या मिस्त्रींनी पातळ पात्याची पट्टी कडेने हळूहळू फिरविली आणि लाकडी हातोड्याने बाजूंवर अलगद ठोके दिले. काही वेळाने ते भांडे आपणहून सुटावे तसे हातात आले.

त्यांनी ते उजेडात धरले. तळाशी काळा गाळ होता, चिखलासारखा दाट. बोटाने तो चोळून त्यांनी निरखून पाहिला, मग त्यातून लोहचुंबक फिरविला. पिवळी किंवा रुपेरी चमक दिसली असती तर बेरिंग झिजल्याचे ते लक्षण ठरले असते. इंजिन चालताना जे जे झिजते त्याची नोंद या तळाशी होत असते. वरून गाडी कितीही गुळगुळीत धावो. जाळी काढून धुतली, चेंबर डिझेलने घासून स्वच्छ केले, दोन्ही कडांवरील जुना लेप खरवडून काढला. मग वेल्डिंगवाल्याकडून भेग सांधून आणली. सांधा आम्हांस तरी निर्दोष दिसत होता.

याच वेळी मूर्तिजापूरच्या पलीकडील एका खेड्यातून दूरध्वनी आला. आयुष्यभर शेतमजुरी केलेली एक वृद्ध माउली शेवटच्या घटका मोजीत होती आणि "फादर केव्हा येतात" एवढेच विचारीत होती. अंतर पन्नास किलोमीटरांच्या आसपास. रुग्णाभिषेकाच्या तेलाची कुपी आमच्या पिशवीत होतीच. नव्हती ती गाडी. चेंबर आजच बसविता येईल का, असे आम्ही मिस्त्रींना विचारले. त्यांनी हातातील पत्रा खाली ठेवला आणि म्हणाले, "बसवाचं म्हनसान तं घंटाभरात बसवून देतो, फादर. पन याच्यात रॉकेल रातभर उभं राह्यलं पायजे. बाहीरचा खडू कोरडा राह्यला तं समजाचं का जोड पक्का हाये. माह्या डोयाले दिसत नाही म्हून भेग नाही, असं नसते."

दुसऱ्या एखाद्या कारागिराने त्या घटकेला नियम बाजूला ठेवला असता आणि त्यास कोणी नावेही ठेवली नसती. किंबहुना मरणोन्मुख माणसाकडे निघालेल्या पाद्रीसाठी त्याने तातडी केली, असे कौतुकच झाले असते. मिस्त्रींनी दोन्ही कर्तव्ये वेगवेगळी ओळखली. थोडे थांबून ते म्हणाले, "थे माय वाट पाहून राह्यली. गाडी नाही तं माही फटफटी हाये. पोरगा नेऊन सोडन तुमाले." आणि त्यांचा मुलगा हात पुसत उठला.

त्या प्रवासाविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. धूळ होती, अंधार पडत होता, आणि मुलगा जपून चालवीत होता. घरी पोहोचलो तेव्हा माउली शुद्धीवर होती. रुग्णाभिषेकाचा विधी फार लहान आहे. पूर्वी त्यास 'अंतिम अभ्यंग' म्हणत आणि पंचेंद्रियांना तेल लावीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये 'रुग्णांचा अभ्यंग' हे नाव अधिक उचित ठरविले, आणि पोप पॉल सहावे यांनी १९७२ मध्ये विधी सोपा केला: कपाळास व हातांस तेल, आणि त्यासोबतची प्रार्थना. जेथे जैतुनाचे तेल मिळणे कठीण तेथे दुसरे कोणतेही वनस्पतीजन्य तेल चालेल, हीही सवलत त्याच वेळी मिळाली. सरकीच्या तेलाच्या या मुलखात ती सवलत आम्हांस नेहमीच आपुलकीची वाटत आली आहे. माउलीचे तळवे आम्ही हाती घेतले. कापसाच्या बोंडांच्या टोकदार पाकळ्यांनी वर्षानुवर्षे ओरखडलेले, भेगाळलेले ते हात होते. त्या भेगांत तेलाचे ते दोन थेंब क्षणात जिरले. मुलगा टोपी सावरून दाराशी उभा होता, प्रार्थना संपेपर्यंत हलला नाही. पहाटे माउलीने शांतपणे देह ठेवला. पेट्रोलचे पैसे देऊ केले तेव्हा त्या पोराने मान हलविली आणि फटफटीला लाथ मारली.

सकाळी गॅरेजात परतलो. चेंबर दोन विटांवर ठेवलेले होते; आत रॉकेल, बाहेरून सांध्यावर व नटाच्या भोवती शाळेतला पांढरा खडू चोळलेला. वेल्डिंगचा सांधा पांढरा शुभ्र कोरडा होता. परंतु त्यापासून दोन बोटे दूर, जेथे काहीच बिघडल्याचे कोणाच्या ध्यानी आले नव्हते, तेथे खडूवर केसाएवढी ओली रेघ उमटली होती. मिस्त्रींनी ती आम्हांस दाखविली. ना विजयाचा आविर्भाव, ना "बघा, मी म्हणत होतो" असा शब्द. त्यांनी ती खूण खिळ्याने कोरली आणि चेंबर पुन्हा सांधावयास पाठविले. दुसरी परीक्षा दुपारपर्यंत चालली. या खेपेस खडू कोरडा राहिला.

बसविण्याचे काम उतरविण्याहून नाजूक असते. बोल्टांच्या भोकांभोवती पत्रा आत दबलेला होता. लाकडावर पालथा ठेवून हलक्या ठोक्यांनी तो सपाट केला आणि आरशाच्या काचेवर ठेवून कड कोठे डुलते का ते पाहिले. दोन्ही कडा कोरड्या फडक्याने पुसल्या; तेलाचा अंश राहिला तर लेप धरत नाही. लेपाची बारीक सलग दोरी कडेवरून ओढली, भोकांच्या आतल्या अंगाने. ती जाड नको. जास्तीचा लेप आत पिळला जातो, तुटून तेलात पडतो आणि जाळी बुजवितो. लेपावर साय धरण्यापूर्वी, म्हणजे काही मिनिटांतच, चेंबर जागेवर लावले. सगळे बोल्ट आधी बोटांनीच फिरविले. नंतर मधल्यापासून सुरुवात करून आलटून पालटून समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत, थोडे थोडे आवळले. ताकद किती लावावी? एक मीटर लांब दांडीच्या टोकाला एक किलोचे वजन टांगले तर जेवढा पीळ बसेल, साधारण तेवढा. म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नव्हे. मिस्त्रींचे म्हणणे असे की गळणारी पुष्कळशी चेंबरे सैल बोल्टांमुळे नव्हे, तर फाजील आवळल्यामुळे गळतात. पत्रा भोकापाशी खोल जातो आणि दोन बोल्टांच्या मध्ये उचलला जातो. घरातील व धर्मग्रामातील काही भांडणेही अशीच सुरू होतात, असे आमचे निरीक्षण आहे. ते आम्ही त्या वेळी बोलून दाखविले नाही.

खालच्या नटास तांब्याचा नवा वायसर घातला. लेप सुकण्यासाठी पुन्हा काही तास वाट पाहिली. मग नवे तेल ओतले, गेज पुसून पाहिला, इंजिन सुरू केले. तांबडा दिवा लागला व क्षणात मालवला. पाइप व पत्रा पुन्हा जागी गेले. शेवटी गाडीखाली एक कोरडा पुठ्ठा सरकवून ते म्हणाले की घरी गेल्यावर रात्री असाच पुठ्ठा ठेवा, सकाळी थेंब दिसला तर गाडी घेऊन या. परातीतले जुने काळे तेल त्यांनी डब्यात भरून झाकण लावले. ते नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतणे हे पाप आहे, असे त्यांचे मत होते. गोड्या पाण्यासाठी आधीच तहानलेल्या या मुलखात ते मत कोणत्याही धर्माच्या माणसास मान्य व्हावे.

या दोन दिवसांत जे पाहिले त्याचा विचार आम्ही अनेकदा केला आहे. चेंबरचे काम असे, की ते चांगले झाले तर कोणाच्याही लक्षात येत नाही. ग्राहक खाली वाकून पाहत नाही, पाहिले तरी त्यास कळत नाही. कडा पुसल्या की नाही, खडू चोळला की नाही, हे एकट्या करणाऱ्यास ठाऊक. अशा कामात माणसास प्रामाणिक ठेवणारे बाहेरचे काहीच नसते. आमच्या धर्मप्रांताची स्थापना १९५५ सालची. त्याच वर्षी पोप पायस बारावे यांनी १ मे हा दिवस कामकरी संत योसेफ यांचा सण म्हणून ठरविला. शुभवर्तमानात संत योसेफांच्या तोंडचा एकही शब्द नोंदलेला नाही, आणि त्यांनी घडविलेली एकही वस्तू आज कोठे दाखविता येत नाही. १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'लाबोरेम एक्सर्सेन्स' या पत्रात श्रमांचा ऊहापोह करताना हेच तत्त्व मांडले की कामाचे मोल कामाच्या प्रकारावरून ठरत नाही. ते करणारा मनुष्य आहे, यावरून ठरते. आणि हे तत्त्व वऱ्हाडास रोमहून आयात करावे लागत नाही. याच मातीत १८७६ साली जन्मलेले संत गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराट्याने गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तनास उभे राहत. उपदेशाआधी गटार साफ करणाऱ्या त्या महापुरुषास चेंबरच्या तळाचा गाळ काढणारा हा मिस्त्री परका वाटला नसता.

आम्हां ख्रिस्ती लोकांना पापनिवेदनापूर्वी आत्मपरीक्षण करावयास शिकविलेले असते. बालवयात शिकलेल्या यादीवरून आपण भरभर डोळा फिरवितो, जेथे टोला बसल्याचे ठाऊक आहे तेवढी जागा दाखवितो आणि सांधून घेतो. हे आवश्यकच आहे. परंतु परीक्षणास रात्रभराचा अवधी दिला, शांतपणे थांबून पाहिले, तर ओली रेघ पुष्कळदा दुसरीकडेच उमटते. जेथे आपण निर्दोष आहोत अशी आपली खात्री असते, नेमके तेथे. पवित्र तेलाचे सामर्थ्य प्रभूचे आहे. ते ज्या पात्रातून वाहून न्यावयाचे ते पात्र मात्र आपण वेळोवेळी उतरवून, धुऊन, पारखून घ्यावयाचे असते.

दर वर्षी पवित्र सप्ताहाच्या सुमारास बिशप महोदय धर्मप्रांतातील धर्मगुरूंसह तीन तेलांना आशीर्वाद देतात: दीक्षार्थींचे, रुग्णांचे आणि अभिषेकाचे. त्यांच्या कुप्या घेऊन आम्ही धर्मगुरू आपापल्या वाटेने परततो. कोणी हमरस्त्याने, कोणी फाटा सोडून पांदणीने. त्या तेलाचे मोजके थेंब आणि इंजिनातले जेमतेम तीन लिटर, दोन्ही एकाच गाडीतून जातात. वरच्या तेलासाठी आम्ही देवाचे आभार मानतोच. खालचे तेल ज्यांच्या हातांनी जागेवर राहिले, त्यांची नावे कोणत्याही नोंदवहीत लिहिली जात नाहीत. येत्या १ मे रोजी वाचकांनी आपल्या धर्मग्रामाच्या मिस्सेत, मग ते हात कोणत्याही धर्माचे असोत, त्यांच्यासाठी एक प्रार्थना करावी, एवढीच विनंती.